चित्रातल्या बाईचं सूत

वीरधवल ते चित्र घेऊन आला तेव्हा सुलाबाई सोप्यात लोकर पिंजत बसली होती. दिवाळी होऊन पंधरा दिवस लोटले तरी पाऊस जत तालुक्यातून हलायचं नाव घेत नव्हता. ज्या मुलखात एरवी पावसासाठी देवाला नवस बोलतात, तिथं यंदा माणसं आभाळाकडं बघून दातओठ खात होती. ज्वारी पेरायला वाफसा नव्हता, धनगरांच्या मेंढरांची खुरं कुजली होती, आणि तिच्या नवऱ्याच्या, घोंगड्या विणणाऱ्या बिराप्पा सनगराच्या दारात ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, पसरायला दोन दिवसांचं सलग ऊन मिळत नव्हतं. ऊन नाही म्हणजे सुताला लावलेली चिंचोक्याची खळ वाळत नाही, खळ वाळत नाही म्हणजे सूत कडक होत नाही, आणि मऊ सूत मागावर चढवलं की तुटून हातात येतं. मग विणणाऱ्यानं नुसतं बसून राहायचं. बिराप्पा असा महिनाभर बसून होता, आणि बसलेला बिराप्पा घरात कुणालाच सोसत नसे.

म्हणून वीरधवलची गाडी दारात थांबली तेव्हा सगळ्यांत आधी सुलाबाईच्या जिवात जीव आला. हा सांगलीच्या विश्रामबागेतला पोरगा, तिशीच्या आतला, गावाकडच्या वस्तू मोबाईलवरून पुण्या-मुंबईला विकायचा. गेल्या वर्षी त्यानं चार घोंगड्या नेल्या होत्या. बोलायला गोड, चहाला नाही म्हणायचा नाही, आणि बसताना पँटीला लोकर लागेल याची काळजी आपल्याला कळू नये एवढी तरी रीत त्याला होती. त्यानं गुंडाळलेला कागद उलगडला. कॅलेंडराएवढा होता.

"काका, असं पाहिजे," तो म्हणाला. "डिट्टो."

चित्रात बाजेवर काळीभोर घोंगडी पसरली होती. तिच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं पांढऱ्या मेंढरांचा कळप तिरका चढत गेला होता, आणि एकेका मेंढराच्या अंगावरचे कुरळे केस मोजून घ्यावेत इतके स्पष्ट होते. घोंगडीला चमक होती. बाजेच्या पलीकडं एक म्हातारी चरख्यापाशी बसून हसत होती, आणि तिच्या बोटांतून निघालेली तार उन्हात चकाकत होती.

बिराप्पानं कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. हे कुणी विणलं हा प्रश्न त्याच्या ओठावर आला होता, सुलाबाईला तो दिसला. पण त्यानं विचारला नाही. सनगराच्या घरची रीतच ती. दुसऱ्या विणणाऱ्याचं नाव गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, विचारलं की आपण त्याच्यापेक्षा कमी हे कबूल केल्यासारखं होतं. बिराप्पाच्या बापानं ही रीत पाळली होती, आज्यानंही. वीरधवललाही आपणहून काही सांगावंसं वाटलं नाही.

"हुतंय की," बिराप्पा म्हणाला. "संक्रांतीपतूर देतो."

गाडी गेल्यावर मात्र त्याला राहवेना. कुणाचा हात असेल हा? आसपासच्या तीन तालुक्यांत मिळून पाच-सहा माग उरले होते आणि त्यांतला प्रत्येक हात त्याला ठाऊक होता. माण तालुक्यातला म्हातारा तर गेल्या साली वारला. मग तो मनानं कर्नाटकात शिरला, अथणीकडची दोन-तीन नावं घेतली आणि स्वतःच खोडून काढली. शेवटी त्यानं त्या कागदाला मागं खळ फासली आणि विणताना पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यासमोर, बसल्यावर नजरेला येईल असा भिंतीला चिकटवला. सुलाबाईचा चरखा त्याच भिंतीला होता. त्यामुळं ती हसणारी म्हातारी बरोबर तिच्या डोक्यावर आली.

सुलाबाई या घरात आली तेव्हा तिला सूत कातता येत नव्हतं. सासूनं शिकवलं. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली होती. तेव्हापासून या मागावर जी काही घोंगडी विणली गेली ती तिच्या सुताची. पदर नाकातोंडावरून घट्ट बांधायचा, पिंजलेल्या लोकरीची वळी, म्हणजे पेळू, डाव्या हातात धरायचा, उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्या कशाचा विचार करायचा, असं तिचं कातणं. बोटांची कातडी कधीच निबर झाली होती. खोकला पावसाळ्यात वाढायचा, उन्हाळ्यात कमी व्हायचा, जायचा मात्र नाही. नवऱ्यानं तिला कशाकशावरून बोल लावले नव्हते? आमटीच्या मिठावरून लावले, माहेरच्या माणसांवरून लावले. सुतावरून कधी नाही. त्या एका गोष्टीवर ती या घरात ताठ मानेनं वावरत होती.

बिराप्पानं धनगराकडून कोकरांची पहिली कातरण आणली. जावळ म्हणतात ती, सगळ्यांत मऊ लोकर. सुलाबाईनं ती निवडली, धुतली, पिंजली, आणि जमेल तेवढी बारीक कातली. मध्येच चार दिवस ऊन पडलं त्यात ताणा झाला, मागावर चढला. बिराप्पा खड्ड्यात उतरला आणि वीतभर विणून थांबला. चित्रातलं मेंढरू तिरकं चढत होतं. त्याचं मेंढरू दर ओळीला पायरीवर पाय दिल्यासारखं चढत होतं, आणि त्याच्या पोटाखालून धागे लोंबत होते. त्यानं वीतभर उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा उसवलं. पाचव्यांदा उसवताना त्यानं सूत बोटांत धरून उजेडाकडं नेलं, तिथून चित्राजवळ नेलं.

"तुजं सूत जाड पडतंय," तो म्हणाला.

सुलाबाईचं चाक थांबलं.

"ही तार बग ह्या बाईची. अशी तार आसल्याबिगर ह्ये व्हायाचं न्हाई."

सून प्रांजल चुलीपाशी होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुलाबाईनं पेळू आणखी बारीक केला, चाक आणखी हळू फिरवलं. तार दर वितीला तुटू लागली. तुटली की जोडायची, जोडलं की गाठ पडायची, आणि गाठ बिराप्पाला मागावर सापडली की तो ती न बोलता काढून खड्ड्याच्या काठावर ठेवायचा. संध्याकाळपर्यंत काठावर गाठींची ढिगुळी व्हायची. केर काढताना सुलाबाईलाच ती भरावी लागायची.

आणि ती बाई वर हसत असायची. सुलाबाई तिच्याकडं बघणार नाही असं ठरवायची आणि बघायची. हिच्या लुगड्यावर लोकरीचा एक केस नाही. नखं कशी स्वच्छ. वयानं माझ्याएवढीच असेल, मग हिला खोकला कसा नाही? हिचा नवरा हिला काय म्हणत असेल? चूल पेटवताना, भाकरी थापताना, शेळीला पाणी दाखवताना तिच्या मनात तीच. तिनं त्या बाईच्या नावानं बोटं मोडली. मत्सर होता तो, दुसरं काही नाही, आणि साठीला आलेल्या बाईला तो शोभत नाही हेही तिला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात बिराप्पा विट्याच्या बाजाराला जाऊन आला. पिशवीतून त्यानं गिरणीच्या सुताचे चार मोठे कोन काढले आणि ते नेमके तिच्या चरख्यासमोर ठेवले. दुसरीकडं जागा नव्हती असं नाही.

"ताणा ह्याचा करतो," तो म्हणाला. "तुजं आता ऱ्हाऊ दे. वय झालं."

सुलाबाईनं कोनांकडं पाहिलं. एकसारखं, गुळगुळीत, मेंढराचा वाससुद्धा नसलेलं सूत. ती उठली. चरख्याच्या चाकावरून चातीवर, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या सळईवर, जाणारी दोरी असते, तिला माळ म्हणतात, चाक फिरलं की तीच चातीला फिरवते. घरात सुतक असलं की ती माळ उतरवून खुंटीला टांगायची, म्हणजे चरखा बंद. सुलाबाईनं माळ उतरवली आणि खुंटीला टांगली. घरात तर सगळे जिवंत होते. प्रांजलचा हात पिठात तसाच राहिला. बिराप्पानंही पाहिलं, पण त्यानं कोनाची टोकं शोधायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सुलाबाई भांगलायला जाऊ लागली. द्राक्षबागेच्या कडेला कुणाचा तरी कांदा होता. चिखलातल्या वाफ्यात बायका ओळीनं बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन ती बसली. सनगराची बाई खुरपं घेऊन दुसऱ्याच्या रानात आली हे पाहून बायका आधी गप्प झाल्या, मग एकीनं विचारलं, माग बंद पडला व्हय मावशे? सुलाबाई म्हणाली, मागाला काय धाड भरलीय, मलाच बसून कंटाळा आला. कंबर दुखत होती, पायाची बोटं चिखलानं पांढरी पडली होती. पण इथं खुरप्याखालचं तण तेवढं निघायचं होतं. ते बारीक निघतं का जाड निघतं असं कुणी विचारत नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. मुकादमानं बायकांना सोडलं. सुलाबाई वाडीच्या वाटेला लागली तेव्हा थेंब पडायला लागले होते, आणि घराजवळ येते तो अंगणात बिराप्पा एकटाच धावताना दिसला. सकाळच्या उन्हाला भुलून त्यानं गिरणीच्या सुताचा ताणा अंगणभर पसरला होता, त्याला खळ लावली होती, आणि आता तो या टोकाला गेला की त्या टोकाची काठी पडत होती. प्रांजल रेशन आणायला गेलेली. माझं काय जातं, असं सुलाबाईच्या मनात आलं. खरंच आलं. तिनं खुरपं टाकलं आणि धावली.

एका टोकाची काठी तिनं धरली, दुसरी त्यानं. दोघांनी ताणा गुंडाळत गुंडाळत सोप्यात आणला, पण तोवर सर येऊन गेली होती. लोकरीचं सूत असतं तर त्यानं खळ धरून ठेवली असती. गिरणीच्या सुतानं सगळी सोडून दिली, पिठाच्या पाण्यासारखी ती जमिनीवर ओघळली आणि मागं सुताचा लगदा उरला. बिराप्पा त्याच्याकडं बघत खाली बसला. त्याच्या गुडघ्यांना सूज होती, ती तिनं आठ दिवसांत पाहिली नव्हती. डोळे लाल झाले होते. टॉवेल आणायला म्हणून ती भिंतीकडं वळली.

समोर तिचा चरखा होता. माळ नसलेला, मुका. तिला भडभडून आलं, म्हणून तिनं नजर वर नेली, तर वर ती बाई हसत होती. आणि आज पहिल्यांदा सुलाबाईनं तिचं तोंड सोडून तिचा चरखा पाहिला.

त्यालाही माळ नव्हती.

तिनं जवळ जाऊन पाहिलं. ओल्या बोटानं कागद पुसला. चाक होतं, चाती होती, मध्ये काही नव्हतं. सुलाबाईला गलबलून आलं. म्हणजे हिलाही कुणीतरी बोललं. हिनंही माळ उतरवून ठेवली. आणि आपण इतके दिवस हिच्या नावानं बोटं मोडत होतो! पण मग हिच्या हातात तार कशी? माळ उतरवलेली बाई हसेल कशाला? हिला भेटायलाच पाहिजे असं तिला वाटलं. हिच्यापाशी बसून विचारायला पाहिजे.

प्रांजल भिजत आली तशी सुलाबाईनं तिला दारातच अडवलं. "त्या पोराला फोन लाव. ही बाई कुठल्या गावची हाय त्ये इचारायचं हाय मला."

"आत्या, मामास्नी चालंल का?"

"मी इचारतीया. त्येंच्या रितीशी मला काय करायचं?"

प्रांजलनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा चौकटीवर ठेवला. बिराप्पा टॉवेल डोक्यावर घेऊन तसाच बसून होता. सुलाबाईनं गाव विचारलं. पलीकडं वीरधवल आधी गोंधळला, मग हसला. वाईट हसणं नव्हतं ते.

"मावशी, ती बाई कुठंच नाही," तो म्हणाला. "तो फोटो नाहीये. काय पाहिजे ते आपण लिहून द्यायचं, कॉम्प्युटर तसं चित्र बनवून देतो. मला वाटलं तुम्हाला माहितीय."

"आन घोंगडं?"

"तेही चित्रच. कुणी विणलेलं नाही. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

पन्हाळीचं पाणी तेवढं वाजत होतं. प्रांजल फोन उचलायला पुढं झाली, पण सुलाबाईनं तिचा हात धरला.

"तुमी काय लिव्हलं व्हतं त्या बाईचं?"

त्यानं आठवून सांगितलं. खेड्यातली म्हातारी, चरख्यावर सूत काततेय, चेहऱ्यावर आनंद. मग जरा थांबून म्हणाला, "खरं सांगू का मावशी, ते लिहिताना तुम्हीच डोळ्यांपुढं होता. गेल्या वर्षी मी आलो तेव्हा तुम्ही कातत होतात ना."

महिनाभर जिच्यावर सुलाबाई जळत होती, ती दुसरी कुणी नव्हतीच. गेल्या वर्षीचा तो दिवस तिनं आठवून पाहिला. त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती, एवढंच तिला आठवलं.

वीरधवल पुढं सांगत होता की ते चित्र त्यानं मोबाईलवरच्या आपल्या विक्रीच्या पानावर टाकलंय, अकरा जणांनी मागणी केलीय, तेव्हा शक्यतो तसंच जमवा, नाहीतर लोक परत पाठवतात. प्रांजलनं बरं बरं म्हणून फोन बंद केला.

बिराप्पा उठला. भिंतीला धरून चित्रापाशी गेला आणि एका मेंढराच्या पाठीवर बोट ठेवलं. तिथून निघालेला धागा बोटानं पुढं पुढं नेत त्यानं काठापर्यंत आणला. काठाला तो धागा नव्हता. दुसऱ्या मेंढराचा धरला, तोही मध्येच विरला.

"मला चार दिसामागंच दिसलं हुतं ह्ये," तो म्हणाला. "वाटलं, माजं डोळं गेलं." त्यानं बोट काढलं. "मग मी कुनासंगं झटत हुतो गं?"

सुलाबाईला त्याची दया आली, आणि रागही होता तो होताच. दोन्ही घेऊन ती भाकरी करायला गेली.

पुढचे तीन दिवस ती भांगलायला गेली आणि तो मागावर बसला नाही. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सुलाबाई खुरपं घेऊन निघाली तर बिराप्पा चरख्यापुढं मांडी घालून बसलेला. जन्मात त्यानं चरख्याला हात लावला नव्हता. खुंटीवरची माळ काढून तो ती चाकावर घालत होता, आणि ती दर वेळी घसरून खाली पडत होती. सुलाबाई चौकटीला टेकून बघत राहिली. मदत करावी असं तिला मुळीच वाटलं नाही.

"पीळ उलटा पडलाय," शेवटी ती म्हणाली.

त्यानं माळ काढून पीळ फिरवला. या खेपेला ती बसली. चाक एकदा फिरवून पाहिलं, चाती फिरली. वर न बघता तो म्हणाला, "सूत पायजे."

"माजं जाड पडतंय."

"मी बोललो त्ये त्या कागदाचं बोललो." तो घुटमळला. माळेवर उगाच बोट फिरवत राहिला. "घोंगडं हाय. जाडच आसतंय. तुज्या सुताबिगर मला न्हाई यायचं."

तिला आणखी ऐकायचं होतं. महिनाभर केरात भरलेल्या गाठी तिला आठवत होत्या, ते चार कोनही. पण हा माणूस आपल्या बापाच्या मरणातसुद्धा एवढं बोलला नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. तिनं खुरपं कोपऱ्यात ठेवलं, पदर नाकातोंडावरून बांधला आणि बसली. बारीक कातायची वाईट खोड बोटांना लागली होती, पहिली तार तुटली. दुसरी जरा भरीव आली. बिराप्पा सुताच्या आशेनं समोरच बसून राहिला.

संक्रांतीच्या चार दिवस आधी घोंगडी मागावरून उतरली. काळी, अंगावर घेतली की वजन कळणारी, मेंढराचा वास असलेली. मेंढरं होती, पण काठानं सरळ रेषेत, तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. कळप म्हणायचा तर म्हणावा. वीरधवलला हे चालेल का, अकरा जणांना चालेल का, कुणालाच माहीत नव्हतं. बिराप्पा कुणी विचारलं नसताना पुन्हा पुन्हा सांगत होता, त्यानं न घेतली तर आरेवाडीच्या जत्रंत खपून जाईल.

प्रांजल म्हणाली, आपण आपला खरा फोटो पाठवू, म्हणजे भानगड नको. तिनं घोंगडी बाजेवर पसरली, बाज चरख्याजवळ ओढली, आणि सुलाबाईला कातायला बसवलं. भिंतीवरचं चित्र खळीनं असं घट्ट बसलं होतं की निघता निघेना. त्याच्यावर बिराप्पानं रिकामं पोतं लटकावलं. मग तो खड्ड्यात उतरून गंमत बघत बसला.

"आत्या, त्यो पदर सोडा की तोंडावरचा," मोबाईल समोर धरून प्रांजल म्हणाली. "आन जरा हसा."

सुलाबाईचा हात चाकावर होता, तार नुकतीच सुटली होती. ती थांबली नाही.

"काततानी कोन हसतंय गं," ती पदराआडून म्हणाली. "तोंडात लोकर जाती."

मग प्रांजलनं पदरासकटच फोटो काढला.